तोंडाला लावायचा धोटा

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गावात मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. आई म्हणायची, "ही पोर तोंडानंच मिळवंल नि तोंडानंच घालवंल." मिळवलं मी पुष्कळ. घालवलं एकदाच, पण त्या खेपेला जे गेलं ते दुसऱ्या माणसाचं होतं. म्हणून ते अजून टोचतं.

मी भिवंडीत एचआयव्ही झालेल्या माणसांना काम मिळवून देते. माझी नोकरीच आहे ती. एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, एक पंखा, चार खुर्च्या, आणि दारावर पाटी: रोजगार मदत केंद्र. बस्, एवढंच. कसला रोजगार नि कोणाला मदत, ते पाटीवर लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. ज्याला कळायला हवं त्याला गोळ्या मिळतात तिथून कळतं. मी पण त्याच गोळ्या खाते. तेरा वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही.

त्याआधी मी काल्हेरला गोडाऊनमध्ये पॅकिंगला होते. तिथं गेटवर तपासणी असते, पिशवी पारदर्शकच लागते, आतलं सगळं दिसलं पाहिजे. एके दिवशी घाईत गोळ्यांची बाटली पिशवीत राहिली. गेटवरच्या बाईनं लेबल वाचलं, आणि दुपारपर्यंत माझ्या शेजारी डबा खायला कोणी बसेना. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर साखर पेरल्यासारखा बोलला, "ताई, तुम्ही थोडे दिवस आराम करा." मी म्हटलं, "आराम तू कर, माझे हातपाय शाबूत आहेत," आणि तडक घरी आले. चुकलं माझं. तिथंच ठाण मांडून बसायला हवं होतं. पण तेव्हा मला कायदा माहीत नव्हता, नुसता राग माहीत होता.

आता कायदा माहीत आहे. राग आहे तेवढाच आहे.

आमच्या कामात दोन गोष्टी पाळाव्याच लागतात. आपलं माणूस रस्त्यात भेटलं तर ओळख दाखवायची नाही. नारपोलीच्या बाजारात मी कितीतरी जणांच्या अंगावरून अशी जाते, जशी काही त्यांना जन्मात पाहिलं नाही. एक बाई तर मला बघितलं की कांदे निवडायला खाली वाकते, मग मी पण टोमॅटोकडे बघते. आणि दुसरी गोष्ट, माणसाच्या आजाराचं नाव त्याच्याशिवाय दुसऱ्यानं कोणी काढायचं नाही. केंद्राच्या आत, दार लावूनसुद्धा, आम्ही ते नाव घेत नाही. यूपी-बिहारचे कारीगर येतात ते म्हणतात 'बडी बीमारी'. त्यांचं ऐकून आम्ही पण तेच म्हणायला लागलो. "ह्या वहिनींना बडी बीमारी आहे, दिवसाची शिफ्ट बघा," असं आमचं दिवसभर चालतं. शब्द तोंडात इतका बसला की त्याचा दुसरा काही अर्थ असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तो माणूस आला तेव्हा मी त्याला बघून हसले होते, कारण तो आमच्याच बाजूचा निघाला. पडघ्याच्या पुढचं गाव, माझ्या माहेरापासून दोन कोसांवर. चाळिशीच्या आतबाहेरचा, हाडानं मोठा, पण शर्ट खुंटीला टांगल्यागत अंगावर लोंबत होता. टीबी झाला होता, त्याच्याच तपासणीत हे दुसरं सापडलं. सहा महिने गावी राहून टीबीचं औषध पुरं केलं होतं, डॉक्टरचा कागद होता. ह्या दुसऱ्याच्या गोळ्या चालू होत्या. चेहऱ्यावर रक्त आलं होतं. आता काम हवं होतं.

"काल्हेरला लावते तुला," मी म्हटलं. "स्वच्छ काम, पीएफ मिळतो, बसायला जागा."

"मना लूम पायजेल," तो म्हणाला. "माजे चार लूम हायत तितं."

"तुझे? तुझ्या बापाचे का? सेठचे ना?"

"सेठचे कागदावर. पंधरा वरीस मी चालवतोय."

मी म्हटलं, भाऊ, टीबी झालेल्या माणसानं परत त्या रुईच्या धुरळ्यात जायचं? डॉक्टर काय म्हणेल? त्यानं डॉक्टरांना विचारलं होतं. तोंडाला फडकं बांध, तपासणीला येत राहा आणि ताकद आली की जा, असं त्यांनी सांगितलं होतं. तरी मी माझा हट्ट सोडला नाही, त्याला काल्हेरला पाठवलंच. तीन दिवसांत परत आला. म्हणे, "दिसभर लोकांची खोकी उचलून हिकडची तिकडं ठेवायची. संध्याकालला आपन काय केला ते दिसतच न्हाय. लूमवर कापड दिसतंय ताय." मी पण लोकांची खोकी उचललीत. खरंच दिसत नाही.

मग मी ठरवलं, ह्याला ह्याचे चार लूम परत मिळवून द्यायचे.

इथं लूमचं थोडं सांगायला हवं. पॉवरलूमवर एक लाकडी धोटा असतो, दोन्ही टोकांना निमुळता, हातभर लांब. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात आणि तो उभ्या सुतामधून इकडून तिकडं धावत राहतो, तेव्हा कापड विणलं जातं. कांडी काही मिनिटांत संपते. मग नवी बसवायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बाजूला बारीक भोक असतं त्यातून बाहेर काढायचं. त्यासाठी आकडा मिळतो, पण आकडा वापरतो कोण? वेळ जातो. कारीगर धोटा तोंडाला लावतो, जोरानं ओढतो, सूत जिभेवर येतं. दिवसातून शेकडो वेळा. आणि लूम दिवसरात्र चालतात, बारा-बारा तासांच्या दोन शिफ्ट. सकाळी आठला एक कारीगर उतरला की दुसरा चढतो, त्याच लुमांवर, तेच धोटे तोंडाला लावून. ह्या दोघांना एकमेकांचे जोडीवाले म्हणतात. ह्याचा जोडीवाला होता एक यूपीचा म्हातारा, सगळे त्याला चाचा म्हणत. पंधरा वर्षं हे दोघं एकमेकांना रोज दोन वेळा पाऊण-एक तास भेटलेले, आणि उरलेला सगळा वेळ एकमेकांचा उष्टा धोटा तोंडात धरलेला.

सेठकडे मी त्याला घेऊन गेले. काय बोलायचं ते ठरलं होतं. टीबी बरा झाला, हा डॉक्टरचा कागद, ह्याची जागा ह्याला द्या. दुसऱ्या आजाराचा तिथं संबंध नव्हता, सेठला त्याचा वासही नव्हता. मी कोण, तर कामगारांना मदत करणाऱ्या संस्थेची बाई. झालं.

ऑफिस म्हणजे शेडला लागून पत्र्याची खोली. भिंतीपलीकडे चाळीस लूम खडखडत होते. सेठ माणूस वाईट नव्हता, आमच्यासाठी चहा सांगितला. मग ह्याच्याकडे न बघता मला म्हणाला, "बाई, ह्याच्या हाताला तोड नाही, ते मी नाकारत नाही. पण ह्याला बडी बीमारी झालीय. धोटा तोंडाला लावतात. उद्या जोडीवाल्याला लागली तर? मला बाकीच्या कारीगरांचं पण बघायला लागतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ह्याला कोणी सांगितलं? कुठून फुटलं? आणि फुटलंच आहे, तर आता गप्प कशाला बसू?

"सेठ," मी म्हटलं, आणि लूमच्या आवाजात ऐकू जावं म्हणून चांगलं मोठ्यानं म्हटलं, "ती थुंकीनं लागत नाही. धोट्यानं लागत नाही, चहाच्या ग्लासानं लागत नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही. रक्तातून लागते, नाहीतर नवरा-बायकोच्या संबंधातून. एवढे शिकलेले तुम्ही, आणि हे माहीत नाही?"

सेठ माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "टीबी रक्तातून लागतो?"

केंद्राबाहेर, लूमवाल्यांच्या बोलीत बडी बीमारी म्हणजे टीबी. त्या गल्लीत पिढ्यान्पिढ्या ज्या आजारानं माणसं नेली तो मोठा आजार. सेठ तेच बोलत होता, मी तेच सोडून भलतं ऐकलं. डॉक्टरचा टीबीचा कागद माझ्या पर्समध्ये होता. तो मी बाहेर पण काढला नव्हता.

सेठच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसली. मी काहीतरी सारवासारव करायला गेले, "म्हणजे मी जनरल सांगत होते…" पण हात दाखवून अवलक्षण झालं ते झालंच. शेजारी बसलेला माझा माणूस उठला. चहा तसाच राहिला. "चल ताय," एवढंच म्हणाला.

गल्लीतून तो पुढं आणि मी मागं. रिक्षा स्टँड आल्यावर तो तिथं थांबला नि म्हणाला, "सात म्हैनं मी तोंड मिटून ऱ्हायलो. सासुरवाडीला कलू दिला न्हाय, भावाला न्हाय. तुला सात मिंटा जमला न्हाय." ओरडला असता तर मी पण ओरडले असते. पण तो असं बोलला की मला खाली बघावं लागलं. तो रिक्षात बसून गेला, आणि मी स्टँडवर उभी राहून रडले. भर बाजारात. मला काय, मला सगळे ओळखतात.

केंद्रावर जाऊन मी केंद्र चालवणाऱ्या आमच्या मॅडमना सगळं सांगितलं. लपवता आलं असतं, त्या तिथं नव्हत्या. पण पचलं नसतं. मॅडम आवाज न चढवता बोलतात, ते जास्त लागतं. म्हणाल्या, "इथं आलेल्या माणसाकडे दुसरं काही नसतं, एक गुपित तेवढं असतं. ते तुम्ही रस्त्यावर सांडलंत." पुढचा महिनाभर मला बाहेरचं काम बंद. ह्याचं काम तेवढं निस्तरायचं, ते पण तो हो म्हणाला तर.

त्यानं फोन घेतला नाही. चार दिवस केला. पाचव्या दिवशी मी पडघ्याची बस धरली आणि तिथून जीपनं गावाला गेले. गावात कोणी विचारलं तर काय सांगायचं ते घोकत गेले: माहेरच्या बाजूची आहे, त्याच्या बायकोची ओळखीची आहे. ह्या वेळी एक शब्द इकडचा तिकडं होऊ द्यायचा नव्हता.

तो शेतावर होता. बायको घरात होती. तिची तपासणी झाली होती, ती निरोगी होती, पण तिला सगळं ठाऊक होतं. तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं मला मधेच तोडलं.

"ताय, तुमी चुकलाव, ता खरा. पन हितं रडाय आलाव का काम कराय आलाव?"

"कामच करायला आले," मी म्हटलं.

"मंग डोलं पुसा. त्यो येल आता. त्याला रडनारी मानसा आवडत न्हायत."

अशी बायको मिळायला नशीब लागतं. तो आला, मला बघून चूळ भरायला म्हणून परत बाहेर गेला, बराच वेळ आत आला नाही. आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "माझ्या तोंडानं गेलं, मीच परत आणून देते. पण ह्या वेळी तू सांगशील तेवढंच बोलेन. तू म्हणालास जा, तर मी गेले."

तो बायकोकडे बघत राहिला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा म्हनाय त्यांचा तिकीट काय तुमी काढलाय? त्यांनीच काढलाय. आयका तरी."

त्यानं ऐकलं. ठरलं असं, की मी एकटीनं सेठला भेटायचं. कायदा सांगायचा, धमकी द्यायची नाही. त्याच्या आजाराचं नाव पुन्हा काढायचं नाही.

सेठला मी तीनच वाक्यं बोलले, घरी पाठ करून नेलेली. ह्या कारणावरून माणसाला कामावरून काढता येत नाही, हा कायदा आहे. त्याच्याबद्दल कोणाजवळ बोलणं, हेही कायद्यात बसत नाही. आणि माझ्या तोंडून जे गेलं ती माझी चूक, त्याची शिक्षा त्याला नको.

सेठनं टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "मी कोणाला बोललो नाही," तो म्हणाला. "घरी पण नाही. पण बाई, तुम्ही माझ्या जागी बसा. धोटा मी तोंडात घेत नाही. चाचा घेतो. उद्या त्याला बाहेरून कळलं आणि तो म्हणाला, सेठ, तुम्हाला माहीत होतं? मग मी काय सांगू? मला कायदा नका सांगू. जोडीवाला राजी, तर मी राजी."

"जोडीवाल्याला सांगायची गरजच नाही. डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर धोटा तोंडात घेतो का?"

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, एक सोडून दहा होती. एकही बोलले नाही. दात ओठ खात बाहेर आले आणि त्याला फोन लावला. सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी म्हटलं, आपण लेबर ऑफिसला जाऊ, तक्रार करू, सेठला असं अडवता येत नाही. आणि मी खरंच जाणार होते, कागद तयार होते.

फोनवर त्याच्या मागं कोंबड्या ओरडत होत्या. मग तो म्हणाला, "चाचाला मी सांगतो."

"अरे, गरज नाही! कायद्यानं नाही, डॉक्टरी नाही. कोणाचं देणं लागत नाहीस तू."

"गरज न्हाय, ता मना बी कलतंय. पन आता त्या सेठच्या पोटात हाय. आज न्हाय उद्या भाइर येल. तेच्या तोंडून येन्यापेक्षा माज्या तोंडून जाऊंदे. पंधरा वरीस जोडी हाय आमची." आणि शेवटी म्हणाला, "तू ये. पन गप ऱ्हा."

मी शपथ घेतली. आमच्या आईला ऐकायला मिळायला हवं होतं.

सकाळी पावणेआठला आम्ही शेडबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभे होतो. रात्रपाळी सुटायची वेळ. दारातून लूमचा आवाज असा येत होता की शेजारच्याशी बोलायला पण कानाशी तोंड न्यावं लागत होतं. चाचा शेवटची फेरी मारायच्या आधी चहाला बाहेर येतो, हे ह्याला माहीत होतं. आला. केसांवर, भुवयांवर पांढरी रुई. ह्याला बघितलं आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "आ गया मेरा शेर! अरे, वो बदली लडका सात महीने से मेरा दिमाग खा रहा है. कब चढेगा?"

"चाचा, पहले एक बात है," हा म्हणाला. "मेरे को बडी बीमारी है."

"मालूम है ना. टीबी. गोली खाया ना पूरा?"

"वो नहीं. दूसरी है."

"क्या?"

"दूसरी, चाचा. एचआयव्ही."

"जोर से बोल. कान मशीन में गया मेरा."

मी माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. इतकी वर्षं दार बंद करूनसुद्धा आम्ही जो शब्द काढत नाही, तो ह्या माणसाला आता भर गल्लीत ओरडून सांगायला लागणार होता. आडवळणाचं नाव चालणार नव्हतं, कुजबूज चालणार नव्हती. मला वाटलं, आता हा म्हणेल, काही नाही चाचा, जाऊंदे. मला वाटलं, मीच सांगावं. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

त्यानं मान वर केली आणि ओरडून सांगितलं, "एचआयव्ही है मेरे को!"

चाळीस लूम खडखडत होते. चाचानं ऐकलं, मी ऐकलं, बस्. टपरीवाला दूध ढवळत राहिला.

चाचाचा चहा हातात तसाच राहिला. मग त्यानं एकामागून एक विचारलं, जसा एखादा बाप विचारेल. मरशील का ह्यानं? नहीं चाचा, रोज एक गोली. कितने दिन? हमेशा. बहू? टेस्ट किया, ठीक है. आणि शेवटी, हात तोंडाजवळ नेऊन, धोटा ओढल्याची खूण करून, "इससे?"

ह्यानं माझ्याकडे बघितलं. चाचानं पण बघितलं. अख्खं भाषण माझ्या जिभेच्या टोकावर होतं, थुंकीनं लागत नाही पासून सुरू होणारं. मी ह्याच्याकडे बोट केलं. तूच सांग.

"इससे नहीं लगता, चाचा," तो म्हणाला. "डॉक्टर बोला है. आपको अलग धोटा रखना है तो मैं काम नहीं करेगा. अलग धोटा मतलब पूरे नारपोली को बताना. रखेगा तो एक ही धोटा. नहीं तो मैं जाता है."

अरे, एवढं ताणायचं नसतं! सेठ वेगळ्या धोट्यावर पण तयार झाला असता, तेवढ्यावर काम मिळालं असतं. पण हे मी मनात बोलले. त्याचं त्यानं ठरवलं होतं.

चाचानं चहा संपवला, ग्लास ठेवला आणि आत निघून गेला. ह्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि त्याच्या मागं गेला. मी दारापर्यंत गेले. पुढं जायचं नव्हतं मला, पण तिथून हललेही नाही.

आत बोललेलं काही ऐकू येत नाही, फक्त दिसतं. ह्या दोघांचे चार लूम चालू होते. एकाची कांडी संपली, लूम थांबला. ह्यानं धोटा काढला, नवी कांडी बसवली, फडकं खाली ओढलं, धोटा तोंडाला लावून सूत ओढलं. सात महिन्यांनी. सवय मोडली असावी, सूत तुटलं. त्यानं पुन्हा धोटा तोंडाकडे नेला, तेवढ्यात चाचानं तो त्याच्या हातातून घेतला.

आणि स्वतःच्या तोंडाला लावला.

मी श्वास सोडते ना सोडते, तोच चाचानं तोंड वेडंवाकडं केलं, धोटा लांब धरला आणि बाजूला पचकन थुंकला. एकदा नाही, दोनदा. मग हातवारे करत ह्याच्यावर ओरडायला लागला. हा मान खाली घालून उभा.

संपलं, मला वाटलं. किळस आली म्हाताऱ्याला. मग मी शपथ-बिपथ सगळी विसरले. दोन लुमांच्या मधल्या बोळातून पदर खोचून धावले, कायदा, डॉक्टर, पंधरा वर्षांची जोडी, सगळं एकदम तोंडात घेऊन. जवळ गेले तेव्हा चाचाचं ऐकू आलं.

"तंबाकू! अभी भी तंबाकू खाता है तू? टीबी होके आया तो भी? पंधरा साल से तेरी तंबाकू चाट रहा हूँ! तेरी बीमारी से मेरे को कुछ नहीं, पर ये नहीं चलेगा! ये छोड, नहीं तो अलग धोटा ले!"

हा गडी, जो भर गल्लीत ओरडून सगळं सांगून आला होता, तो आता चोरासारखा माझ्याकडे बघत होता. "ताय, सांग ना चाचाला," मला म्हणाला. "एकदम न्हाय सुटायची ती."

सात महिने डॉक्टरांनी, बायकोनं सांगून पाहिलेलं, पालथ्या घड्यावर पाणी. आणि मी वेगळ्या धोट्यावरून भांडायला इतकी धावत आलेली. मला हसू फुटलं आणि डोळ्यातून पाणी पण यायला लागलं, दोन्ही एकदमच. चाचा माझ्याकडे बघत होता, ही बाई कोणाच्या बाजूची, असं.

"चाचांचं बरोबर आहे," मी ओरडले, लूमच्या वर आवाज काढून. "तंबाखू सोड. नाहीतर धोटा वेगळा!"